केतकीचं तेवढं

पौषातल्या पहाटे नर्मदेवर धुकं उतरलं की पाणी दिसत नाही, नुसता त्याचा वास येतो. ओल्या वाळूचा, कुजत चाललेल्या झेंडूचा आणि कुठंतरी लांब पेटलेल्या गोवऱ्यांच्या धुराचा मिळून झालेला एक जड, गार वास. माझ्या बायकोच्या, वसुधाच्या, दहाव्याला आम्ही भोपाळहून अंधारातच निघालो होतो, आणि नर्मदापुरमच्या घाटावर, आमच्या तोंडी अजून होशंगाबादच, पोचलो तेव्हा उजाडलं होतं खरं, पण उजेड म्हणावा असं काही नव्हतं. पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. आमची एकुलती एक लेक, केतकी, नदीत बुडी मारून ओलेत्यानं पाटावर बसली होती. केसांतून पाणी निथळत होतं, ओठ थंडीनं काळेनिळे पडले होते, आणि तरी भाताचे पिंड वळणारे तिचे हात जराही थरथरत नव्हते. अग्नीही तिनंच दिला होता. गुरुजी भोपाळातलेच, मराठी, ओळखीचे. 'हल्ली मुलीही करतात' एवढ्या एका वाक्यात त्यांनी तो विषय संपवला होता. मी वरच्या पायरीवर शाल लपेटून बसलो होतो आणि त्या वाफाळत्या भाताचा वास मला सहन होत नव्हता. मरणाच्या जागी भूक लागावी इतका तो चांगला होता, आणि त्याचाच मला संताप येत होता.

भोपाळात बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार सुरू झाला तेव्हाही स्वयंपाकघरात असाच भाताचा वास दाटायचा, आणि खिडकीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन थेट ओट्यावर यायचं. मी नागपूरचा, कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलेला. वसुधा मात्र भोपाळातच जन्मलेली, मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून उठली तेव्हा फायलींच्या गाठोड्यांबरोबर आलेल्या एका कारकुनाची मुलगी, आणि पुढे स्वतःही सचिवालयात नोकरीला. तिच्या मराठीत हिंदी अशी बेमालूम मिसळलेली की माझी मोठी बहीण, ताई, नागपूरहून आली की तिच्या नकला करून सगळ्यांना हसवायची; जशी काही नागपूरची मराठी फार सोवळी! वसुधा चिडायची नाही. 'चलो, हसा' म्हणायची आणि कामाला लागायची. तिला कुणाचं मन राखायचं असेल तेव्हा ती हसायची आणि राखायचं नसेल तेव्हाही हसायची, आणि या दोन हसण्यांतला फरक ओळखायला मला निम्मं आयुष्य लागलं.

स्त्रीवाद हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. वसुधाला शब्दांपेक्षा व्याकरणात जास्त रस होता, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. केतकी बोलू लागली तेव्हा घराघरांतल्या मुलांसारखी तीही आईला 'तू' आणि मला 'तुम्ही' म्हणायला शिकली होती. एक दिवस वसुधानं पोळी लाटता लाटता विचारलं, 'मी तू आणि हे तुम्ही, ते का ग? मी काय घरची आणि हे काय पाहुणे?' आणि त्या दिवसापासून मी लेकीचा 'तू' झालो. ताईला ते कधीच पचलं नाही. 'बापाला अरेतुरे? बाप्पा, काय करून राहिले तुम्ही लोक!' असं ती दर भेटीला म्हणायची. मला मात्र, खरं सांगतो, त्या 'तू'ची फार गोडी लागली. संध्याकाळी शिफ्ट संपवून फाटकाशी सायकल टेकवली की आतून 'बाबा, तू आलास?' अशी जी हाक यायची, तिनं दिवसभराचा लोखंडाचा वास अंगावरून निघून जायचा.

या शहरात मुलीला लाडानं 'बेटा' म्हणतात. शाळेतल्या बाई, दूधवाला, डॉक्टर, सगळेच. वसुधा एकेकाला अडवायची. माझ्या खात्यातले एक सहकारी एकदा घरी आले होते. केतकीनं त्यांच्यासमोर स्टुलावर चढून उडालेला फ्यूज बसवला, तेव्हा ते कौतुकानं म्हणाले, 'आपकी बेटी तो बेटा है, भाभीजी.' वसुधानं चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हटलं, 'नहीं भाईसाहब, बेटी ही है. और फ्यूज बेटी ने ही लगाया है.' ते बिचारे ओशाळून बिस्किट खात बसले. आणि केतकी मोठी झाली, तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा शेजारच्या मराठी काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, 'कावळा शिवला वाटतं हिला?' तर ही भर दिवाणखान्यात, मी समोर बसलेला असताना, खणखणीत आवाजात म्हणाली, 'कावळा कशाला येईल मधे? पाळी आलीय तिला.' मी वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवलं. लपवलं म्हणजे काय, अक्षरशः कान तापले माझे! पण त्या घरात त्यानंतर तो कावळा पुन्हा कधी आला नाही, आणि हळदीकुंकवापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत केतकीला कुठल्याही दिवशी कशालाही हात लावायची मुभा होती.

लग्नाचंही तसंच. केतकी पुलांच्या कामातली इंजिनियर झाली, नदीच्या तळात खांब कसे उतरवतात हे ती जेवताना वाटीचमच्यानं समजावून सांगायची, आणि तिचं वय विचारणाऱ्या नातेवाइकांचे फोन वाढत गेले तसतसं वसुधाचं ते दुसऱ्या जातीचं हसणंही वाढत गेलं. भोपाळातच सोनागिरीला आम्ही स्वतःचं घर बांधलं त्या वर्षी तिनं लेकीला माझ्यादेखत सांगितलं होतं, 'करायचं तर कर, नको तर नको करू. पण आमच्यासाठी म्हणून करू नकोस, त्यात कुणाचंच भलं नाही.' मी मान डोलावली होती. अशा वेळी मान डोलवायला मला नेहमीच आवडायचं. आपण कसे सुधारक, कसे वेगळे, याचं एक ऊबदार समाधान त्यात असायचं.

मग वसुधा आजारी पडली. केतकीला आसामात ब्रह्मपुत्रेवरच्या एका पुलाच्या कामावर जायचं होतं, तिनं ते पुढे ढकललं, तिथल्या लोकांनीही समजून घेतलं, आणि शरद ऋतूचे ते स्वच्छ, निष्ठुर निळे दिवस आम्ही इस्पितळाच्या खोलीत काढले. ताई नागपूरहून धावून आली ती राहिलीच. मी तिच्याविषयी पुढे जे सांगणार आहे त्याआधी हेही सांगायला हवं की वसुधाची वेणी घालणं, तिला स्पंज करणं, तिच्या तोंडात चमच्यानं पेज घालणं हे सगळं ताईनं केलं, तेही तोंडातून एक कुरकुर न काढता. नकला करणारी ती ताई, रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून असायची. वसुधाचा शब्द हळूहळू क्षीण होत गेला. एका दुपारी ताई आणि केतकी दोघी खाली गेल्या होत्या, खिडकीच्या पडद्यातून तिरपं ऊन चादरीवर पडलं होतं, आणि वसुधानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, अगदी ओळखीचं पाहिलं, आणि म्हणाली, 'केतकीचं तेवढं…'

एवढंच. मी कान तिच्या ओठांशी नेला. पुढचा शब्द आला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. केतकीचं तेवढं काय, वसुधा? बघा? होऊ द्या? राहिलं? सांभाळा? मराठीत त्या 'तेवढं'च्या पुढे काहीही येऊ शकतं. त्या दुपारनंतर मी त्या दोन शब्दांच्या पुढे किती क्रियापदं लावून पाहिली असतील! मन हलकं करावं म्हणून की काय, मी ते वाक्य ताईला सांगितलं. केतकीला सांगितलं नाही. अर्धं वाक्य पोरीच्या गळ्यात कशाला बांधा, असं वाटलं. ताईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, 'समजलं रे मला. आईच ती शेवटी.' काय समजलं, हे मी विचारलं नाही.

घाटावर सगळं यथासांग झालं. केतकीनं पिंडांची पत्रावळ उचलून थोड्या अंतरावरच्या मोकळ्या चौथऱ्यावर ठेवली, आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो, आणि कावळ्याची वाट पाहणं सुरू झालं. आपल्याकडे हा जो दहाव्याचा कावळा आहे, त्याची गंमत इथल्या माझ्या हिंदीभाषक मित्रांना मी अनेकदा समजावून सांगितली आहे. पितृपक्षातला कावळा त्यांनाही ठाऊक, पण गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं आहे हे कावळ्यानं पिंडाला शिवून सांगायचं, आणि तो शिवत नसेल तर जिवंत माणसांनी मोठ्यानं वचनं द्यायची, 'तुझं अमुक करू, तमुक करू, तू जा,' हे ऐकून ते चकित होतात. मी ते सांगायचो तेही हसत हसत, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं. त्या सकाळी हसू आलं नाही. धुकं जरासं विरळ झालं होतं आणि पिंपळावर कावळे होते. दोनतीन खाली उतरले, पत्रावळीभोवती मिरवले, मान वाकडी करून भाताकडे पाहिलं, आणि बाजूला जाऊन बसले.

'काही राहिलं असेल मनात तर बोला,' गुरुजी म्हणाले. 'बोलावं लागतं.'

वसुधाचे भाऊ, माझे दोन जुने सोबती, सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. मग केतकी पुढे झाली. ओल्या साडीत काकडत तिनं हात जोडले आणि म्हणाली, 'आई, मी बाबाला एकट्याला टाकणार नाही. मी त्याला सांभाळीन.' आवाज फुटला तिचा. आणि आश्चर्य म्हणजे जो एक कावळा पत्रावळीच्या अगदी जवळ आला होता, तो टुणकन उडी मारून मागे गेला आणि उडून पिंपळावर बसला.

मला रडता रडता हसू फुटलं. अरे, ही तर वसुधाच! लेकीनं बापाला सांभाळत घरी बसावं, हे तिला कसं चालेल? तिचं ते दुसरं हसणं मला इतकं स्पष्ट दिसलं की त्या क्षणी, कारखान्यात आयुष्यभर यंत्रं तपासलेला मी, त्या काळ्या पाखरावर सपशेल विश्वास ठेवून मोकळा झालो. आणि माझी चूक झाली ती इथेच. कारण नकार खरा मानला की होकारही खरा मानावा लागतो.

ताई पुढे आली. गुडघे दुखत असतानाही ती त्या ओल्या फरशीवर बसली, पदर पसरला, आणि अगदी मायेनं, जणू वसुधा तिच्यासमोर उशीला टेकून बसली आहे अशा आवाजात बोलली, 'वसुधा, ऐकून राहिली ना तू? केतकीचं लग्न वर्षाच्या आत करून देऊ आम्ही. चांगल्या घरी देऊ. तुझी पोरगी एकटी नाही राहणार, मी शब्द देते. तू जा आता बाई, सुखानं जा.'

तिचं वाक्य संपलं न संपलं तोच पंख फडफडले. कावळा सरळ खाली आला, पत्रावळीवरच बसला, आणि चोचीनं पिंड फोडून खाऊ लागला.

जो आवाज त्या जमावातून उठला तो मी विसरू शकत नाही. दुःखाचा नाही, सुटकेचा. वसुधाचे भाऊ ढसाढसा रडले. ताई तर फरशीवर डोकं टेकून रडत होती, 'जीव अडकला होता हो तिचा, पोरीत अडकला होता.' गुरुजींनी समाधानानं मान हलवली. आणि मी केतकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती त्या कावळ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यापूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं; आपल्याच घरात, आपल्या नेहमीच्या खोलीत, एक दार होतं आणि ते आपल्याला कधी दिसलंच नाही, असं काहीसं. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण सगळे तिच्या पाठीवरून हात फिरवायला धावले होते.

परतीच्या वाटेवर बुदनीच्या टेकड्यांवरून ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी हिरवी शेतं, मधेच मोहरीचा पिवळा पट्टा, आणि गाडीत ओल्या कपड्यांचा कुबट वास. ताई मन भरून आल्यासारखी अधूनमधून बोलत होती. आईबाप गेल्यावर कार्य करायचं ते वर्षाच्या आत, नाहीतर मग तीन वर्षं थांबावं लागतं, हे तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. भोपाळातच एक मराठी कुटुंब आहे, मुलगा इथल्याच कॉलेजात शिकवतो, घर अरेरा कॉलनीच्या बाजूला, म्हणजे सोनागिरीहून असं कितीसं लांब! केतकी खिडकीबाहेर पाहत होती. ती काहीच म्हणत नाही हे बघून मी हादरलो. एरवी या विषयावर तिनं आत्याला दोन वाक्यांत गप्प केलं असतं, हसत हसत.

तेरावं झालं, घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. ताई निघाली तेव्हा केतकीनं स्वतःहून आपला एक फोटो तिला दिला. ताईनं तिला पोटाशी धरलं, 'शहाणी आहे ग माझी पोट्टी' म्हणाली, आणि दोघींचेही डोळे भरले. मी स्टेशनवर ताईची बॅग डब्यात ठेवली, खिडकीशी उभा राहिलो, आणि 'ताई, थोडं थांबूया' एवढं म्हणायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. गाडी गेली. मी एकटाच पुलावरून चालत बाहेर आलो.

पुढच्या दिवसांत घर फार शांत झालं. वसुधाच्या स्वेटरांना अजून तिचा वास होता, हळदीचा आणि कोल्ड क्रीमचा, आणि मी दुपारी कपाट उघडून उगीच उभा राहायचो. संध्याकाळ लवकर पडायची. केतकी घरातली सगळी कामं निमूटपणे करायची, माझी औषधं काढून ठेवायची, माझ्या चहात साखर किती हे न विचारता घालायची, आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटायचं. तिच्या पावलांचा आवाज घरात होता. संध्याकाळी दिवा लावायला कुणीतरी होतं. मी मनातल्या मनात अरेरा कॉलनीपर्यंतचा रस्ता चालून पाहिला होता, कुठला सिग्नल, कुठलं वळण, रविवारी ती दुपारी येईल, जेवून जाईल, हे सगळं मी रचून ठेवलं होतं.

मग एका दुपारी आम्ही दोघं अंगणात उन्हात मटार सोलत बसलो होतो. सोललेल्या शेंगांचा हिरवा, गोडसर वास हाताला लागला होता. केतकी मान खाली घालून म्हणाली, 'बाबा, आसामला मी नाही म्हणून कळवते. आत्या त्या लोकांना बोलवते म्हणतेय, तर येऊ दे त्यांना.'

मी म्हटलं, 'कावळ्यावर विश्वास आहे तुझा?'

'कावळ्यावर नाही रे. कावळ्याला भूक लागली होती, त्यानं भात खाल्ला. पण तो शिवला तेव्हा सगळ्यांना पटलं ना, एका क्षणात? मामांना, आत्याला, तुलासुद्धा. मी तुझं तोंड पाहिलं. म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला एकटीलाच नव्हतं.' तिनं एक शेंग मोडली, दाणे काढले नाहीत. 'आईनं मला सांगितलं, आमच्यासाठी करू नकोस. ते तिला मनापासून वाटत होतं, की मला मोकळं ठेवायचं म्हणून ती स्वतःला आवरून बोलत होती? बाकीच्या बायका नवऱ्यासाठी मन मारतात, सासूसाठी मारतात. हिनं माझ्या स्वातंत्र्यासाठी मारलं असेल तर? मग मी काय वेगळं मिळवलं? तिचा जीव माझ्यात अडकला होता म्हणाली आत्या. मला ते ऐकवत नाही, बाबा.'

ती रडू लागली. अग्नी देताना न रडलेली, पिंड वळताना न थरथरलेली माझी लेक, हातात मटाराची शेंग घेऊन लहान पोरीसारखी हुंदके देत होती. वसुधानं जन्मभर बोटाला धरून जे चालवत आणलं, ते एका कावळ्यानं पंख मिटायच्या आत जमिनीवर आणलं होतं. आणि त्याला थांबवू शकणारा माणूस मी एकटा होतो, आणि मला थांबवायचं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. तेच तर मी करत आलो होतो.

मला तिला सांगता आलं असतं की नाही ग, आईला तसं मुळीच वाटत नव्हतं, ती आतून बाहेरून एकच होती. पण ते मला कुठं ठाऊक होतं? इतकी वर्षं जिच्या शेजारी निजलो तिच्या मनाच्या तळाशी काय होतं, याची ग्वाही मी कशी देणार? मी सुचेल ते सांत्वन केलं असतं तर या पोरीनं ते तत्काळ ओळखलं असतं. तेव्हा मला जे एकच नक्की ठाऊक होतं ते मी बोललो. आवाज माझाच मला परका वाटत होता.

'आईचं मला माहीत नाही, केतकी. शेवटी ती 'केतकीचं तेवढं' एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं ताईनं भरलं आणि मी भरू दिलं. घाटावर ताई बोलली ना, तेव्हा मनातल्या मनात मी 'हो, हो' म्हणत होतो. तू इथं राहावीस, जवळपास राहावीस, ही इच्छा माझी आहे. तू माझं तोंड पाहिलंस ते बरोबरच पाहिलंस. फक्त ते आईचं मन नव्हतं ग, माझं होतं.'

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात आपटत होतं, तो धपधप आवाज येत राहिला. मी तिच्याकडे बघू शकलो नाही, ताटातले दाणे बोटांनी उगीच इकडून तिकडे करत राहिलो. माझं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या अपेक्षांविरुद्ध लेकीच्या बाजूनं मान डोलवण्यात गेलं होतं; शेजारच्या काकू, खात्यातले सहकारी, ताई, सगळ्यांविरुद्ध. ते सोपं होतं. तिनं मोकळं असावं, पण कुणापासून मोकळं असावं, या प्रश्नाचं उत्तर म्हणून माझं स्वतःचं नाव कधी माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते वसुधाच्या आलं असेल. कदाचित म्हणूनच तिनं 'आमच्यासाठी' म्हटलं होतं, 'लोकांसाठी' नाही.

केतकीनं ओढणीनं तोंड पुसलं.

'मग ती इच्छा मी नाही पुरी करणार, बाबा,' ती म्हणाली.

रागानं नाही. उलट हळू, फार मायेनं म्हणाली. मी 'बरं' म्हणालो. आणखी काय म्हणायचं असतं? तिनं सालपटं गोळा केली, फोन घेतला, आणि आसामला कळवायला म्हणून आत तिच्या खोलीत गेली. दाराआडून तिचा कामाचा, नेटका आवाज येऊ लागला. कधी निघायचं, राहायची सोय काय, खांब कितवा चालू आहे.

मी ताट उचलून स्वयंपाकघरात आलो. ऊन उतरलं होतं, ओट्यावर सावली आली होती. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि कणीक मळता मळता माझा बांध फुटला. वसुधा गेली त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो. तोंडावर मनगट दाबून धरलं तरी आवाज आवरेना. पलीकडच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मग तिची पावलं ऐकू आली, पॅसेजमधून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आणि दाराशी येऊन ती थांबली. पडद्याखाली मला तिचे अनवाणी पाय दिसत होते. ती आत आली असती तर मी तिला 'थांब' म्हणालो असतो, आणि ती थांबली असती. आम्हा दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

ती आत आली नाही.